सातबाऱ्यावर नाव आहे, मग जमीन तुमचीच का?

जमिनीचा दावा दिवाणी कोर्टात उभा राहिला की वादी आणि प्रतिवादी दोघांच्याही फायलीत पहिला कागद सातबाऱ्याचाच निघतो. एकाकडे शाईनं लिहिलेली, कडा झिजलेली जुनी नक्कल. दुसऱ्याकडे परवाच मोबाईलवर काढलेला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा. म्हणणं दोघांचंही एकच: हे बघा नाव, जमीन आमची. आणि दोघांनाही ऐकून घ्यावं लागतं ते सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत सांगून ठेवलेलं. महसुली दप्तरातली नोंद सारावसुलीच्या सोयीसाठी असते. तिच्यामुळे कुणाला मालकी मिळत नाही आणि कुणाची जातही नाही.

हे पचायला जड जातं. बँक पीककर्ज देते ती सातबारा बघून. पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, ठिबकचं अनुदान, सगळं त्याच कागदावर. सोयरीक जुळवतानाही मुलाला किती एकर आहे ते सातबाऱ्यावरूनच ताडलं जातं (त्या सातबाऱ्यावर आणखी किती वाटेकरी आहेत हे मात्र बैठकीत कुणी मोठ्यानं वाचत नाही). इतकं वजन असलेला कागद मालकीचा दस्त नसेल, तर तो आहे तरी काय?

माझ्या मते सातबारा हा जमिनीवरच्या जुन्या भांडणांचा गोषवारा आहे. त्यातला जवळजवळ प्रत्येक रकाना कधीतरी कुणीतरी भांडल्यामुळे तिथे आलेला आहे. म्हणून तो वाचायचा तर रकान्यामागचं भांडणही माहीत हवं.

एक उतारा डोळ्यांसमोर ठेवू

गावच्या महसुली हिशेबाचे एकवीस नमुने असतात. त्यातला नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. हे सगळं सांभाळणाऱ्या तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण चावडीत त्याला हाक अजून "भाऊसाहेब" अशीच जाते.

समजा, गट नंबर २१४ चा उतारा हातात आहे. क्षेत्र ०.८१.००, म्हणजे ८१ आर, म्हणजे आपल्या भाषेत दोन एकर. एक आर आणि एक गुंठा जवळपास सारखेच, त्यामुळे ८१ आरचे ८० गुंठे धरून चालायला हरकत नाही. त्यातले ४ आर पोटखराबा: ओढ्याकाठचा, खडकाळ, नांगर न चालणारा भाग. आकार ३ रुपये. होय, दोन एकरांचा वर्षाचा शेतसारा ३ रुपये. छपाईची चूक नाही. मग भू-धारणा पद्धती: भोगवटादार वर्ग २. त्याखाली नावं. वडिलांचं नाव खोडलेलं, तीन मुलांची नावं चालू, आणि प्रत्येक नोंदीशेजारी एक आकडा. तो फेरफार क्रमांक, म्हणजे हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचा नंबर. उजवीकडे "इतर अधिकार" या मथळ्याखाली तीन ओळी: सोसायटीचा बोजा, विहिरीत तिसरा हिस्सा, आणि "कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र".

मालक असा रकाना या पानावर कुठेच नाही. आहे तो भोगवटादार, म्हणजे जमिनीचा उपभोग घेणारा आणि तिचा सारा भरणारा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार या नोंदी "खोट्या ठरेपर्यंत खऱ्या" मानायच्या. म्हणजे सातबाऱ्याला काहीच किंमत नाही असंही नाही. ज्याचं नाव आहे तो एक पाऊल पुढे असतो, आणि नोंद चुकीची आहे हे सिद्ध करण्याचं ओझं समोरच्यावर पडतं. पण समोरच्यानं खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र असा पक्का कागद पुढे केला की सातबारा मागे सरतो.

तीन रुपये आले कुठून

जमीन मोजून तिच्यावर सारा बसवायचा ही काही इंग्रजांची शोधलेली गोष्ट नव्हे. मलिक अंबरची जमाबंदी दख्खनमध्ये प्रसिद्ध होती. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चावर. पण त्या काळी जमिनीशी माणसाचं नातं आजच्यासारखं "एक तुकडा, एक मालक" असं नव्हतं. एकाच शेतावर चौघांचे हक्क असायचे. राजाचा सारा. देशमुख-पाटलाचा वतनी हक्क. बलुतेदाराचं बलुतं. आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याचा हक्क. कसणाऱ्यांतही दोन प्रकार होते. मिरासदार म्हणजे पिढीजात हक्काचा; सारा भरत राहिला तर त्याला कुणी हलवू शकत नसे, आणि दुष्काळात गाव सोडून गेला तरी परत येऊन आपली मिरास मागू शकत असे. उपरी म्हणजे बाहेरून येऊन करारानं कसणारा. त्याचं बूड कायम हलतं.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि कंपनी सरकारला पहिला प्रश्न पडला तो वसुलीचा. बंगालसारखे जमीनदार इथे नकोत, थेट रयतेकडून घ्यायचं, असं ठरलं. तीच रयतवारी. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्यात मोजणी केली आणि खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसवला. हिशेब कागदावर चोख होता. इंदापूरसारख्या अवर्षणाच्या तालुक्यात मात्र तो रयतेला झेपला नाही. लोक जमिनी टाकून निघून गेले आणि शेतं पडीक पडली.

मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरातूनच नव्यानं सुरुवात केली. आज आपण ज्याला गुंठा म्हणतो तो त्यांच्या ३३ फुटी साखळीतून आला. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे ४० म्हणजे एकर. मातीची प्रत ठरवायला खड्डा घेऊन खोली बघायची, रंग बघायचा, वाळू, चुनखडी, उतार, पाणी साचणं असे दोष टिपायचे आणि शेताला आण्यांत मोल द्यायचं. सोळा आण्यांची जमीन सर्वांत उत्तम, दोष दिसतील तसे आणे कमी. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला हद्दीचे दगड, आणि दर तीस वर्षांसाठी कायम. पाच वर्षांनी विहीर पाडली म्हणून लगेच सारा वाढणार नाही, ही हमी रयतेला पहिल्यांदा मिळाली.

आपल्या उताऱ्यावरचे ३ रुपये याच वंशातले आहेत. जमाबंदी नंतर पुन्हा झाली, रुपये-आणे जाऊन रुपये-पैसे आले, पण बऱ्याच गावांत आकाराचा मूळ आकडा स्वातंत्र्यापूर्वीचाच राहिला.

जमीन विकता येऊ लागली

या मोजणीचा एक परिणाम अगदी मोक्याचा. नंबर पडला, हद्द पडली, सारा भरणाऱ्याचं नाव लागलं, म्हणजे जमीन आता सुटी वस्तू झाली. ती विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. आधी सावकार पिकावर पैसे द्यायचा, कारण मिरास सहजासहजी हलत नसे. आता तो जमिनीवर देऊ लागला, आणि पाठीशी इंग्रजी कोर्ट होतं. ते कर्जखतावरचा अंगठा बघायचं. मुद्दल किती आणि त्यावर चढवलेलं व्याज किती, हे बघायचं नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळले. नेमकी तेव्हाच इंदापूर-भीमथडीकडची तीस वर्षांची मुदत संपत आली आणि सरकारनं साऱ्याचे दर एकदम चढवले. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुढचे काही आठवडे पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच घडलं. या दंग्यांत माणसं मारण्यापेक्षा लोकांचा रोख कागदांवर होता. खतं, रोखे, वह्या हुडकून काढायच्या आणि चावडीसमोर जाळायच्या. जिथे सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले, तिथे बहुतेक वेळा त्याच्या अंगाला हात लागला नाही. आपली जमीन कशातून जातेय हे त्या शेतकऱ्यांना बरोबर कळलं होतं.

सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. खतावर काय लिहिलंय त्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सगळा इतिहास तपासण्याची मुभा त्यानं कोर्टाला दिली.

तरीही सरकारी दप्तरात तोवर नोंद असे ती सारा कोण भरतो एवढ्याचीच. जमीन गहाण आहे का, कूळ (दुसऱ्याची जमीन खंडानं वा वाट्यानं कसणारा) आहे का, भावाचा वाटा आहे का, हे कुठेच नाही. ती उणीव भरून काढायला १९०३ साली अधिकार अभिलेखाचा कायदा झाला आणि "कोणाचा कोणता हक्क" ही नोंदवही सुरू झाली. बदल झाला की फेरफार लिहायचा, ही पद्धतही तेव्हापासूनची. घरात जुने कागद असतील तर आपल्या गटाचा सुरुवातीचा फेरफार काढून बघा. पणजोबांच्या नावाशेजारी सावकाराचं नाव दिसलं तर नवल वाटू देऊ नका.

इतर अधिकार: सातबाऱ्याचा सर्वांत बोलका कोपरा

शेत कसणारा वेगळा आणि दप्तरात नाव असणारा वेगळा, ही अवस्था विसाव्या शतकात भयंकर वाढली होती. कोकणात तर मधे खोत बसलेला. सरकारला ठरावीक सारा भरायचा आणि कुळाकडून पिकाचा निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा उचलायचा. वर वेठ. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायचीच नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. हा संप १९३९ पर्यंत चालला. शेतं ओस पडली. कुळांनी लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. एक हंगाम नाही, सहा वर्षं! डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला. पुढे १९३९ चा कुळवहिवाट कायदा आला, १९४९ मध्ये खोती कायद्यानं गेली. उत्तर ठाण्यात १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली. तो याच साखळीतला.

या सगळ्याचं फलित म्हणजे १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, बोलीत कुळकायदा. (मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कायदा, विदर्भासाठी १९५८ चा वेगळा, त्यामुळे लातूरच्या किंवा अमरावतीच्या वाचकानं कलमांचे आकडे इथून उचलू नयेत.) त्यातली सर्वांत मोठी तारीख १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून कायदेशीरपणे जमीन कसत होता, तो ती खरेदी केलेला मालक मानला गेला. किंमत शेतजमीन न्यायाधिकरण ठरवणार, कलम ३२-ग खाली; साधारण कुळासाठी ती आकारणीच्या २० पट ते २०० पट. पैसे भरले की कलम ३२-म खाली खरेदीचं प्रमाणपत्र.

कागदावर क्रांतीच. प्रत्यक्षात १९४८ ते १९५७ या नऊ वर्षांत मालकांना तयारीला भरपूर वेळ मिळाला. हजारो कुळांनी "स्वखुशीनं" जमिनीचे राजीनामे दिले. ही खुशी कशी असते हे ज्यानं वाड्यावर धान्य घालायला गेलेला माणूस बघितलाय त्याला समजावून सांगायला नको. शिवाय मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर कुळाची खरेदी पुढे ढकललेली. मग मुदतीत नोटीस न दिल्यामुळे कित्येकांचा हक्क बारगळला. ते वाद आजही तहसीलदारांसमोर चालू आहेत, तिसऱ्या पिढीत.

आता आपल्या उताऱ्यावरची ती ओळ उलगडते. कुळकायद्यानं मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे कलम ४३. सावकार किंवा जुना मालक ती पुन्हा गिळू नये म्हणून घातलेलं कुंपण. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ३२-म च्या प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या ४० पट नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरून विक्रीचा मार्ग मोकळा होतो. आपल्या गटाचा आकार ३ रुपये, म्हणजे नजराणा १२० रुपये. इंग्रजांच्या मोजणीतला खड्डा असा आजच्या चलनात येऊन पोहोचतो.

वर्ग १ आणि वर्ग २ हा फरकही इथलाच. वर्ग १ म्हणजे विक्रीला आडकाठी नाही. वर्ग २ म्हणजे सरकारनं काही अटीवर दिलेली किंवा कायद्यानं बंधन घातलेली जमीन. यात महारवतनाच्या जमिनी येतात. गावकीची राबणूक करायची आणि तिच्या बदल्यात तुकडाभर वतनी जमीन ठेवायची, या व्यवस्थेविरुद्ध आंबेडकरांनी १९२८ पासून कायदेमंडळात झगडा मांडला. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा आला १९५८ मध्ये. जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत दिल्या, पण परवानगीशिवाय हस्तांतर नाही या अटीवर. शहरं वाढली तशा नेमक्या याच जमिनी स्वस्तात हडपण्याचे प्रकार सुरू झाले. म्हणून वर्ग २ दिसलं की परवानगीचा आदेश डोळ्यांनी बघितल्याशिवाय इसार देऊ नये, हे साधं पथ्य.

कुळकायद्याचा एक उलटा परिणाम मात्र रोज दिसतो आणि त्यावर फारसं बोललं जात नाही. पीकपाहणीत कसणाऱ्याचं नाव लागलं तर उद्या तो कूळ म्हणून हक्क सांगेल, ही भीती जमीनधारकांच्या मनात कायमची बसली. त्यामुळे आज बटईनं, अर्धेलीनं, खंडानं दिलेली बहुतेक जमीन तोंडी व्यवहारावर चालते. कसणारा राबतो, गारपीट त्याच्या पिकावर होते, भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जाते. पीककर्ज नाही, विमा नाही. कसेल त्याची जमीन म्हणणाऱ्या कायद्यानं कसणाऱ्याचं नावच कागदावरून पुसलं, असा हा विचित्र खेळ. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो टाकतो. पीक कोणतं हे त्यातून खरं कळू लागलंय (पूर्वी नमुना १२ चावडीत बसून भरला जातो अशी तक्रार असे), पण राबतं कोण हे अजून त्यात उतरत नाही.

भावकी

सरकार आणि सावकार बाजूला ठेवले तरी जमिनीची सर्वांत जास्त भांडणं घरातच होतात. जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे "ए. कु. मॅ." अशी अक्षरं दिसतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. चार भावांपैकी थोरल्याचं नाव लागलेलं, सोसायटीचं कर्ज काढायला बरं पडतं म्हणून. थोरले तात्या होते तोवर कुणी बोललं नाही. ते गेल्यावर वारसनोंद झाली ती फक्त त्यांच्या मुलांची, आणि बाकीच्या तीन भावांची पोरं सातबाऱ्यावर कुठेच नाहीत. तसंच "अ. पा. क.": अज्ञान मुलाचा पालनकर्ता. मुलगा साठीला आला तरी शेरा तसाच. ही अक्षरं दिसली की मूळ फेरफार काढायचाच, कारण हक्काचं खरं वर्णन तिथे असतं. सातबारा फक्त शेवटचा निकाल दाखवतो.

बहिणींचं प्रकरण आणखी वेगळं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला, आणि २००५ ला वडील हयात असायलाच हवे होते का या घोळावर सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये "गरज नाही" असं स्पष्ट उत्तर दिलं. कायदा असा, आणि गावातली रीत अशी की वारसनोंदीत भावांची नावं भोगवटादारांत जातात आणि बहिणींची "इतर अधिकारात" कोपऱ्यात. हक्क त्यानं कमी होत नाही, पण विक्रीच्या वेळी त्यांना विचारायचं राहून जातं. किंवा मग दिवाळीला माहेरी आल्यावर हक्कसोडपत्रावर सही. साडीचोळीच्या बदल्यात एकरभर सोडून दिलं नाही, तर माहेर तुटतं. शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या काळात "लक्ष्मीमुक्ती" नावाची मोहीम चालवली होती. नवऱ्यानं जिवंतपणी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करायचा. कल्पना साधी होती, आणि तेवढी सोपी असती तर मोहीम काढावी लागली नसती.

नाव लागतं कसं

खरेदी झाली की दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला जातो. इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. निबंधक दस्ताची नोंदणी करतो, विकणारा खरोखर मालक आहे की नाही याचा निवाडा तो करत नाही. दस्ताची माहिती महसूल खात्याकडे जाते, फेरफार नोंदवहीत मजकूर पडतो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस निघते. १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. हरकत आली तर नोंद तक्रारी होते. मग सुनावणी, प्रांताधिकाऱ्याकडे अपील, वर जिल्हाधिकारी, त्यावर पुनरीक्षण.

या पायऱ्या चढण्यात लोकांची दहा-दहा वर्षं जातात हे बघून खरंच वाईट वाटतं. कारण इतकं सगळं करून जो जिंकतो तो फक्त नोंद जिंकतो. मालकीचा दावा दिवाणी कोर्टात पुन्हा पहिल्यापासून लढावा लागतो. हक्काबद्दलच वाद असेल तर थेट तिकडेच जाणं शहाणपणाचं, महसुली अपिलं लिहिण्यातली वा तांत्रिक चूक सुधारण्यासाठी ठेवावीत.

आणि कागद बरोबर असला तरी जमीन कागदाप्रमाणे असेलच असं नाही. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावचे विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडले गेले. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कागदावर अदलाबदल झाली. शेतात मात्र लोक आपापल्या जुन्या तुकड्यावरच नांगर घालत राहिले, कारण तिथे त्यांची विहीर होती, आंब्याचं झाड होतं. त्यामुळे आज कित्येक गावांत माझ्या नावची जमीन तुम्ही कसता आणि तुमच्या नावची मी, अशी स्थिती आहे. बापजाद्यांनी ती मुकाट चालवली. जमिनीला भाव आल्यावर नातवांनी मोजणी मागवली आणि डोकी फुटली. यावर २०२३ मध्ये सरकारनं सलोखा योजना आणली. दोघांचा एकमेकांच्या जमिनीवरचा ताबा किमान १२ वर्षांचा असेल तर अदलाबदलीचा दस्त नाममात्र १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी भरून करता यावा, अशी तिची तरतूद. सरकारी योजनांत इतका शेतातला विचार क्वचित दिसतो.

बांध कोरण्याचं दुखणं याहून बारीक आणि याहून जुनं. दर वर्षी नांगराचं एक तास (नांगरटीची ओळ) बांधात. दहा वर्षांत बांध फूटभर सरकतो. त्याचा निकाल सातबारा लावूच शकत नाही, कारण त्यात क्षेत्र असतं, हद्द नसते. हद्द असते भूमी अभिलेख कार्यालयातल्या नकाशात. मोजणीचा अर्ज करायचा, लगतच्या सगळ्यांना नोटीस, मग मोजणीदार येऊन खुणा दाखवतो आणि "क" प्रत देतो. शेतात जायला वाटच नसेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो. असलेली वाट कुणी अडवली असेल तर त्यासाठी १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा अजून कामाला येतो.

ऑस्ट्रेलियात १८५८ साली टॉरेन्स नावाच्या गृहस्थानं जी पद्धत सुरू केली तिच्यात सरकारी नोंदवहीत नाव लागलं की तीच मालकी, आणि तिची हमी सरकार देतं. आपल्याकडे अशी हमी नाही. इथे मालकी ही कागदांच्या माळेतून सिद्ध करायची असते: मूळ हक्क कुणाचा, त्याच्याकडून कुणाकडे, कोणत्या दस्तानं, मधे कुणी वारस सुटला का. म्हणून जमीन घेताना आजच्या उताऱ्यावर न थांबता किमान तीस वर्षांचे सातबारे, त्यावर दिसणारा प्रत्येक फेरफार, ८-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), निबंधक कार्यालयातला शोध आणि भूमी अभिलेखचा नकाशा बघायचा. हयात नसलेल्यांची नावं अजून चालू दिसली तर वारसनोंद करून घ्यायला लावायची. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेनं ते काम जरा सोपं केलंय. आणि व्यवहार ठरण्याआधी एकदा शेतावर जाऊन शेजारच्या बांधकऱ्यालाच विचारायचं की इथे गेली वर्षं पेरतं कोण. तो जे नाव सांगेल ते उताऱ्यावर नसेल, तर इसाराची रक्कम खिशातच राहू द्यावी.